पत्रा, गंज आणि माझी पीएल

आधी एक कबुली देते. मी पहिलीपासून कॉन्व्हेंटमध्ये शिकले, त्यामुळे माझं मराठी म्हणजे अर्धं आजीकडून आणि अर्धं मेसच्या मावशींकडून आलेलं. मॅगझिनच्या मराठी विभागासाठी काहीतरी दे म्हणून मॅडम मागे लागल्या, तेव्हा मी कविता करणार होते. पण पाऊस, चहा आणि कांदाभजी यांच्यावर दरवर्षी निदान चार कविता येतातच. म्हणून मी एका वेगळ्याच गोष्टीवर लिहायचं ठरवलं, ज्याच्यावर माझी सेमिस्टरची अख्खी पीएल खर्च झाली. ती गोष्ट म्हणजे पत्रा. हो, घरावरचा पत्रा. हसू नका. तुमच्यापैकी जे रत्नागिरी, सिंधुदुर्ग, रायगड, पालघर किंवा गोव्याचे आहेत, त्यांच्या घरी आज ना उद्या हा विषय निघणारच आहे.

गोष्ट सुरू कुठून झाली

आमचं घर दापोली तालुक्यात, समुद्रापासून हाकेच्या अंतरावर. वर मंगलोरी कौलं. ही कौलं कोकणात एवढी रुळली की आपल्याला ती आपलीच वाटतात, पण कारखान्यात तयार होणारी ही कौलं मंगळूरला बासेल मिशनने १८६५ साली सुरू केली. आमच्या घरावर ती पणजोबांच्या वेळची. दरवर्षी पावसाच्या आधी काका वर चढून फुटकी कौलं बदलायचे आणि माकडं वर्षभर ती परत फोडायची. हे असं अनेक वर्षं चाललं होतं.

३ जून २०२० ला निसर्ग चक्रीवादळ आलं. मी तेव्हा नववी संपवून बसले होते, लॉकडाऊन होता. दुपारपर्यंत आमची सुपारीची आणि नारळाची बाग आडवी झाली आणि घराचं अर्धं छप्पर गेलं. आजी, काका, काकी माजघरात खाटेखाली बसून होते. पाऊस तोंडावर, वाहतूक बंद, सगळ्या गावाला एकाच वेळी पत्रे हवे. काकांना जे मिळाले ते त्यांनी घेतले, साधे जीआयचे पातळ पत्रे, आणि आठ दिवसांत ठोकून टाकले. त्यांना नावं ठेवायची माझी अजिबात इच्छा नाही. डोक्यावर जूनचा पाऊस असताना कोणी स्पेसिफिकेशन वाचत बसत नाही.

तिसऱ्या वर्षी पत्र्यांच्या कडा तांबड्या झाल्या. आणि २०२४ च्या गणपतीत, आरती चालू असताना, मखरावर थेंब थेंब पाणी पडायला लागलं. आजीने काही न बोलता मूर्तीवर छत्री धरली. आरती संपेपर्यंत ती तशीच उभी होती. तिचं वय ७८.

त्या रात्री काका मला म्हणाले, "काय गो, तू इंजिनिअरिंगला ना? मग सांग आता कुठला पत्रा घालू ते. परत पाच वर्षांनी पैसे नाहीत माझ्याकडे." बागेचं उत्पन्न अजून सावरलेलं नव्हतं. नवीन लावलेली सुपारी धरायला सहा-सात वर्षं जातात. म्हणजे एकच चान्स होता आणि विचारणारा माझ्यावर विश्वास ठेवून विचारत होता. मी हॉस्टेलला परत आले आणि एफईच्या केमिस्ट्रीचं पुस्तक शोधलं. त्यातला कोरोजनचा चॅप्टर मी परीक्षेला ऑप्शनला टाकला होता!

समुद्राजवळ पत्रा एवढा लवकर का गंजतो

लोखंडाला गंजायला पाणी आणि ऑक्सिजन लागतात हे आपल्याला शाळेपासून माहीत आहे. मीठ असलं की पाण्यातून करंट सहज वाहतो आणि काम भराभर होतं. पण खरी गंमत पुढे आहे. मीठ हवेतलं पाणी ओढून घेतं. मेसमधल्या मिठाच्या डबीची जुलैत काय अवस्था होते ते आठवा. साधं मीठ हवेची आर्द्रता साधारण ७५ टक्क्यांच्या वर गेली की ओलं होतं. समुद्राच्या मिठात मॅग्नेशियम क्लोराइडही असतं, ते तर ३३-३४ टक्क्यांनाच ओलं होतं. कोकणात हवा इतकी कोरडी कधी असते? त्यामुळे जिथे खारं वारं लागतं तिथला पत्रा पाऊस नसतानाही खऱ्या अर्थाने वाळतच नाही.

अजून एक गोष्ट मला आधी उलटी वाटायची. मला वाटायचं पाऊस पत्र्याचा शत्रू. पण पाऊस पत्रा धुतोसुद्धा. आमचे पत्रे काढले तेव्हा वरची बाजू बरी होती, आणि वळचणीच्या खालची बाजू, जिथे वारा मीठ आणून टाकतो पण पावसाचा थेंब पोचत नाही, ती पापुद्र्यासारखी सुटत होती. पडवीचं छप्पर तर सगळ्यात वाईट, कारण पडवी तिन्ही बाजूंनी उघडी.

जस्ताचा हिशोब

आता थोडं गणित. घाबरू नका, एम-थ्री नाही.

जीआय पत्रा म्हणजे पोलादावर जस्ताचा थर. जस्त स्वतः आधी झिजतं आणि लोखंडाला वाचवतं. म्हणजे हा थर ही आपली बँकेतली शिल्लक. किती शिल्लक आहे ते जीएसएममध्ये सांगतात, म्हणजे एका चौरस मीटरवर दोन्ही बाजूंचं मिळून किती ग्रॅम जस्त. १२० जीएसएम म्हणजे एका बाजूला ६० ग्रॅम. जस्ताची घनता ७.१४, म्हणून थराची जाडी निघते सुमारे ८.४ मायक्रॉन. २७५ जीएसएम असेल तर एका बाजूला सुमारे १९ मायक्रॉन.

खर्च किती? आयएसओ ९२२३ नावाच्या स्टँडर्डमध्ये हवेचे गंजण्याच्या दृष्टीने वर्ग केले आहेत. समुद्रकाठची हवा सी-फोर किंवा सी-फाइव्ह मध्ये येते. सी-फोरमध्ये जस्त वर्षाला २.१ ते ४.२ मायक्रॉन जातं, सी-फाइव्हमध्ये ४.२ ते ८.४. आता भागाकार करा. १२० जीएसएमचा पत्रा दोघांच्या सीमेवर, म्हणजे ४.२ च्या दराने, दोन वर्षांत उघडा पडतो. आमचे पत्रे तिसऱ्या वर्षी तांबडे झाले. हा भागाकार मी लायब्ररीत केला तेव्हा अंगावर काटा आला, कारण तो २०२० मध्ये कोणीही दोन मिनिटांत करू शकलं असतं.

मग घ्यायचं काय

दुकानात गेलात तर मुख्यतः तीन प्रकार समोर येतात.

पहिला साधा जीआय. समुद्रापासून लांब, आत डोंगराकडे असाल आणि जस्त भरपूर असेल तर चालेल. किनाऱ्यावर नको.

दुसरा गॅल्व्हल्युम. याच्या थरात वजनाने ५५ टक्के ॲल्युमिनियम, ४३.५ टक्के जस्त आणि १.५ टक्का सिलिकॉन. अमेरिकेत १९७२ साली हा बाजारात आला. ॲल्युमिनियमचं ऑक्साइड भिंतीसारखं आड उभं राहतं आणि जस्त कापलेल्या कडा, ओरखडे यांना थोडंफार सांभाळतं. तेवढ्याच जाडीच्या जस्तापेक्षा हा थर साधारण दुप्पट ते चौपट टिकतो. इथे मागायचा आकडा एझेड-१५०, म्हणजे १५० जीएसएम. त्याच्यावर रंग असलेला पत्रा घेतला तर अजून बरं. पण रंगीत पत्र्यात एक गोम आहे. वरच्या बाजूला रंगाचा थर साधारण २० ते २५ मायक्रॉन असतो आणि खालच्या बाजूला नेहमी त्याहून खूपच पातळ. आणि आपण आत्ताच बघितलं की किनाऱ्यावर पहिला मार खालूनच बसतो. आणि नुसता रंग बघून भुलू नका. रंगाच्या खाली जीआय आहे की गॅल्व्हल्युम, हे विचारल्याशिवाय कळत नाही.

तिसरा ॲल्युमिनियम. याला तांबडा गंज येतच नाही. समुद्राच्या अगदी जवळ हाच सगळ्यात चांगला. पण महाग, मऊ, नारळ पडला की खड्डा, आणि उन्हात पोलादाच्या जवळजवळ दुप्पट वाढतो. ६ मीटरचा पत्रा ४० अंशांच्या फरकाला पोलादाचा असेल तर ३ मिलिमीटर वाढतो, ॲल्युमिनियमचा साडेपाच. स्क्रूच्या भोकांना ते जाणवतं.

आमच्या खिशाला अख्खं घर ॲल्युमिनियमचं परवडणारं नव्हतं. म्हणून घरावर एझेड-१५० चा रंगीत गॅल्व्हल्युम आणि समुद्राकडच्या उघड्या पडवीवर फक्त ॲल्युमिनियम, असं ठरलं. गोठ्याला मात्र गॅल्व्हल्युम मुद्दाम घातला नाही. शेण-मुताच्या वाफेत अमोनिया असतो आणि तो ॲल्युमिनियमच्या थराला खातो. गोठ्यावर वादळातून वाचलेली जुनी कौलं गेली. आजी खूश.

जाडीबद्दल एक सांगते. दुकानदाराचा ०.५० चा पत्रा म्हणजे बहुतेक वेळा रंग आणि थर धरून ०.५० असतो. आतलं पोलाद ०.४५ च्या आसपास निघतं. म्हणून "टोटल जाडी की बेस जाडी?" एवढा एकच प्रश्न विचारा. समोरचा माणूस लगेच सरळ बसतो. स्वानुभव.

हलकं छप्पर उडतं

आता मला सगळ्यात महत्त्वाचा वाटलेला मुद्दा. कौलारू छप्पर एका चौरस मीटरला साधारण ४० किलो असतं. पत्रा जेमतेम ५ किलो. आपल्याला वाटतं, वा, घराचा भार कमी झाला! पण तो भारच वासे खाली दाबून ठेवत होता. शिवाय कौलांच्या फटींतून हवा आरपार जाते, पत्र्यात कुठून जाणार?

वाऱ्याचा दाब काढायचं सूत्र आहे ०.६ गुणिले वेगाचा वर्ग. आपल्या आयएस ८७५ च्या तिसऱ्या भागात हे मिळेल. ताशी १२० किलोमीटर म्हणजे सेकंदाला ३३.३ मीटर. दाब आला सुमारे ६६७ पास्कल, म्हणजे चौरस मीटरला ६८ किलो. ३ मीटर लांब आणि १ मीटर रुंद पत्र्याला वर ओढणारा जोर २०० किलोच्या घरात जाऊ शकतो. पत्र्याचं स्वतःचं वजन १५ किलो. उरलेले १८५ किलो कोणी धरायचे? स्क्रूंनी. स्क्रू धरतात रिपेला, रीप वाशाला, वासा भिंतीला. या साखळीतली जी कडी कच्ची तिथून छप्पर जाणार. आमच्याकडे २०२० मध्ये वासे भिंतीवर नुसते टेकवलेले होते.

म्हणून या वेळी आधी वासे लोखंडी पट्ट्यांनी भिंतीला बांधले, मगच पत्रे चढले. कौलांच्या रिपा बारीक असतात, त्यांच्या जागी जाड रिपा घातल्या. कडेला, कोपऱ्यात आणि आढ्याजवळ वारा सगळ्यात जास्त ओढतो, तिथे स्क्रू जवळ जवळ मारले. पट्ट्यांचा खर्च एकूण खर्चात फारच थोडा होता. पत्र्यात पैसे वाचवायचे असतील तर वाचवा, पण इथे वाचवू नका. उडालेला पत्रा शेजारच्यांच्या अंगावर जातो.

मिस्त्री आणि मी

मे २०२५ मध्ये पीएल लागल्या लागल्या मी गावी गेले. मिस्त्रींनी माझ्याकडे आणि माझ्या वहीकडे बघितलं आणि म्हणाले, "ताई, पंचवीस वर्षं पत्रे मारतोय मी." मी म्हटलं, "मिस्त्रीकाका, मी शिकायलाच आलेय." हे अर्धं खोटं होतं. नंतर पूर्ण खरं झालं.

कारण पहिल्याच दिवशी मी त्यांना दक्षिणेकडून सुरुवात करायला सांगत होते, तिकडे शिडी सोयीची होती म्हणून. त्यांनी मला अंगणात उभं करून विचारलं, "पावसाचं वारं कुठनं येतं?" नैऋत्येकडून. मग पत्रे उत्तरेकडून चढवत आणायचे, म्हणजे प्रत्येक नवीन पत्रा आधीच्यावर चढतो आणि त्याची उघडी कड वाऱ्याकडे पाठ करून राहते. उलटं केलं तर वारा पाणी त्या कडेतून आत लोटतो. माझ्या वहीत हे नव्हतं.

माझ्या वहीतलं त्यांना पटलेलं असं: स्क्रू पन्हाळीत न मारता उंचवट्यावर मारायचा, पाणी खालून जातं. लाकडासाठी मोठ्या आट्यांचे स्क्रू वेगळे मिळतात, लोखंडी पाइपासाठीचे लाकडात नीट धरत नाहीत. वॉशर ईपीडीएम रबराचा. तो जरासा दबला पाहिजे, बाजूने फुगून बाहेर आला तर जास्त आवळलाय. दोन पत्रे लांबीत जोडायचे तर एकावर एक निदान १५० मिलिमीटर. आढ्याच्या फटीत सिमेंट भरायचं नाही, कारण ओलं सिमेंट अल्कली असतं आणि ते ॲल्युमिनियमला आणि गॅल्व्हल्युमला दोघांनाही खातं. तांब्याची तार किंवा पाइप पत्र्याला लागू द्यायचा नाही. शेवटचं कारण तुम्हाला गॅल्व्हॅनिक सिरीजमध्ये मिळेल. तोच ऑप्शनला टाकलेला चॅप्टर!

आणि एक चूक आमच्या दोघांची. मी पट्ट्या आणायला तालुक्याला गेले होते, पोरांनी घाईत दोन पत्रे छपरावरच ग्राइंडरने कापले. ग्राइंडरची ठिणगी म्हणजे लोखंडाचा तापलेला कण. तो रंगात रुततो आणि तिथे गंज धरतो, शिवाय कापलेली कड जळते. पत्रा कातरीने किंवा निबलरने कापायचा, आणि तोही जमिनीवर. झाडूने सगळं साफ केलं तरी पंधरा दिवसांत खालच्या पत्र्यावर तपकिरी ठिपके दिसले. ते आजही आहेत. मी आधीच सांगून ठेवायला हवं होतं.

२० मेच्या सुमाराला पाऊस कोसळायला लागला, आणि २६ मेला तर मान्सून मुंबईत दाखल झाल्याचं जाहीर झालं. इतक्या लवकर! आमची मागची पाख अजून उघडी होती. उरलेले पत्रे अंगणात एकावर एक रचलेले. त्यांच्यात पाणी शिरलं असतं तर पांढरा गंज धरला असता, कारण दोन पत्र्यांच्या फटीत अडकलेलं पाणी वाळत नाही. रात्री काका, काकी, मी आणि शेजारचे दोघं असे सगळ्यांनी ते पत्रे एक एक करून ओसरीत तिरके उभे केले. दुसऱ्या दिवशी उघडीप मिळाली तेवढ्या चार तासांत मिस्त्रींनी पाख झाकली. मी वर त्यांच्या हातात स्क्रू देत होते. काका खालून ओरडत होते, "उतर गो खाली, तुझ्या बापाला मी काय सांगू!"

आजीचं ऑब्जेक्शन

आजीला पत्रा कधीच आवडला नाही. "कौलं श्वास घेतात. पत्रा घेत नाही," हे तिचं म्हणणं. मी आधी हे म्हाताऱ्या माणसांचं बोलणं म्हणून सोडून दिलं होतं. पण जुन्या पत्र्याला थंडीतल्या पहाटे आतून घाम यायचा, हे आम्ही सगळ्यांनी बघितलेलं होतं. रात्री मोकळ्या आभाळाखाली पत्रा हवेपेक्षाही थंड होतो आणि घरातली दमट हवा त्याला लागून पाणी होते. म्हणजे आजी जे म्हणत होती त्यालाच आमच्या पुस्तकात कंडेन्सेशन म्हणतात. उपाय तिच्याच शब्दांत आहे. हवा खेळती ठेवायची. आम्ही आढ्याशी जाळी लावून फट ठेवली, खाली लाकडी माळा तसाच ठेवला आणि मधे चकचकीत फॉइलचं इन्सुलेशन घातलं. त्याने उन्हाचा ताप आणि पावसाचा ताशा, दोन्ही कमी झाले. पूर्ण गेले असं म्हणणार नाही. जुलैत फोन केला की अजूनही आजी म्हणते, "मोठ्याने बोल, वर पाऊस आहे."

आणि पत्रा बसवला की काम संपत नाही. नोव्हेंबर ते मे कोकणात पाऊस नाही, म्हणजे सात महिने मीठ साचतं. महिन्यातून एकदा नळीने गोड्या पाण्याने पत्रा धुवायचा, वळचणीची खालची बाजू विसरायची नाही. पन्हळीतला आंब्याचा पाला काढायचा, ओला पाला म्हणजे गंजाचं अंथरूण. हे काम आता काकीने अंगावर घेतलंय.

शेवटी

२०२५ च्या गणपतीत मी मुद्दाम दोन दिवसांची रजा टाकून गेले. रेक्टर मॅडमना कारण सांगितलं, "पत्रा चेक करायचाय." त्यांनी सही केली, पण चेहरा बघण्यासारखा होता. बाहेर धो धो पाऊस. आरतीच्या वेळी आजीने छत्री भिंतीला टेकवून जवळच ठेवली होती. मी म्हटलं, "आजी, विश्वास नाही का?" ती म्हणाली, "तुझ्यावर आहे. पत्र्यावर नाही." छत्री लागली नाही. एवढं एक वर्ष झालं, असं मी मानते. पुढची पंधरा काढायची आहेत.

त्या सेमिस्टरला माझा एक विषय थोडक्यात सुटला, हे घरी अजून माहीत नाही. पण कोरोजन या विषयावर आता मला रात्री दोन वाजता उठवून विचारा. तुमच्या घरी पत्रा घालायचा विचार चालू असेल तर दुकानात जाताना पाच प्रश्न कागदावर लिहून न्या: रंगाखाली कुठला थर, किती जीएसएम, बेस जाडी किती, खालच्या बाजूचा रंग किती, आणि स्क्रू-वॉशर कुठले. सहावा प्रश्न घरी येऊन स्वतःला विचारा: वासे भिंतीला बांधलेत का?

तरी अडलंच तर लेडीज हॉस्टेलच्या ऑफिसात माझ्यासाठी चिठ्ठी ठेवा. फी म्हणून ओल्या नारळाच्या करंज्या चालतील.